संत सिमिओनचा स्तंभ : सीरियातील एका भग्न चर्चची कथा

उत्तर सीरियातील चुनखडीच्या टेकड्यांवर, अलेप्पो शहराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, कलात सिमान हे आद्य ख्रिस्ती काळातील चर्चचे भव्य अवशेष आहेत. पाचव्या शतकातील या वास्तूचे केंद्रस्थान म्हणजे एक दगडी स्तंभ. त्याच्याभोवतीच संपूर्ण चर्चची रचना करण्यात आली होती.

हा स्तंभ संत सिमिओन या तपस्व्याचा. मेंढपाळाच्या घरी सुमारे इ. स. ३९० मध्ये जन्मलेल्या सिमिओनने तरुणपणीच मठजीवन स्वीकारले. त्याच्या कठोर तपाची ख्याती पसरली, तशी दर्शनार्थींची गर्दी वाढली. या गर्दीपासून दूर राहण्यासाठी तो स्तंभावर राहू लागला, असे सांगितले जाते. स्तंभाची उंची वाढत जाऊन अखेर सुमारे १५ मीटर झाली. ऊन, पाऊस व थंडी सोसत त्याने सुमारे ३६ वर्षे तेथे काढली. मात्र उंचीबरोबर गर्दीही वाढतच गेली. समकालीन लेखक थिओडोरेट याने अरब, इराणी व आर्मेनियन लोकांसह थेट स्पेन आणि ब्रिटनमधून येणाऱ्या यात्रेकरूंचा उल्लेख केला आहे.

सिमिओनचे निधन ४५९ मध्ये झाले व त्याचा देह अँटिओक येथे नेण्यात आला. पुढे बायझंटाईन सम्राट झेनो याच्या कारकिर्दीत हे चर्च बांधण्यात आले. मध्यभागी स्तंभासह अष्टकोनी चौक व त्याच्या चार दिशांना चार बासिलिका, अशी तिची क्रूसाकार रचना आहे. मुख्य उपासना पूर्वेकडील बासिलिकेत होत असे. वाऱ्याने वाकल्यासारखी भासणारी पाने कोरलेले स्तंभशीर्ष हे येथील शिल्पकामाचे खास वैशिष्ट्य मानले जाते.

यात्रेकरूंचा मार्ग पायथ्याच्या दैर सिमान या गावातून सुरू होत असे. या गावात त्यांच्यासाठी निवासगृहे व मठ होते. तेथून कमानीखालून टेकडी चढल्यावर प्रथम बाप्तिस्मागृह आणि नंतर चर्चचे तीन कमानींचे दक्षिण प्रवेशद्वार लागे. स्तंभाचे तुकडे पवित्र समजून भाविक ते सोबत नेत. त्यामुळे कालांतराने त्याचा केवळ बुंधा उरला, असे मानले जाते.

दहाव्या शतकात बायझंटाईन सैन्याने या जागेला तटबंदी केली. 'कलात' म्हणजे किल्ला. मराठीतील 'किल्ला' हा शब्दही याच अरबी शब्दापासून आला आहे.

युनेस्कोने २०११ मध्ये उत्तर सीरियातील प्राचीन गावांच्या समूहासह या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. त्याच वर्षी सीरियात संघर्षास प्रारंभ झाला आणि २०१३ मध्ये हा वारसा धोक्यातील स्थळांच्या यादीत गेला. मे २०१६ मधील हवाई हल्ल्यात चर्चची हानी झाली व स्तंभाच्या अवशेषांनाही तडाखा बसला. फेब्रुवारी २०२३ च्या भीषण भूकंपाने या परिसरातील जीर्ण वास्तूंवर आणखी आघात केला.

ही वास्तू घडीव दगडांची असल्याने कोसळलेला प्रत्येक दगड मोलाचा आहे. जुनी छायाचित्रे व मोजमापे यांच्या आधारे असे दगड पुन्हा मूळ जागी बसविता येतात. मात्र ते अन्यत्र नेले गेले किंवा बांधकामासाठी फोडले गेले, तर ही शक्यता कायमची संपते. एकेकाळी श्रद्धेपोटी तुकड्यातुकड्यांनी झिजलेल्या या स्तंभाचे उर्वरित अवशेष जपणे, हे आता जतनकर्त्यांपुढील आव्हान आहे.