टोन होता, मोडेमला ऐकू येत नव्हता
१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे लॅपटॉपमध्येच मोडेम आला. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्पष्ट; स्क्रीनवर मात्र ‘नो डायल टोन’. आम्ही लाइनला दोष द्यायचो.

पण टोनचा सूर देशागणिक वेगळा असतो. अमेरिकन टोनवर बसवलेल्या मोडेमला कधीकधी आपला सूर ओळखताच येत नसे. उपाय सेटिंगमध्ये होता : जादा कमांडच्या रकान्यात ‘एक्स३’ लिहायचं, म्हणजे मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. जुन्या पल्स एक्स्चेंजवर ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’. या ‘एटी’ आज्ञांची सुरुवात १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासूनची.

आज वर्गात उर्दू घरातल्या मुलाचं मराठी कानाला वेगळं लागलं, की मी आधी माझा कान तपासतो.