कवीच्या आधी श्रोत्याला नमस्कार

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’चा पहिला दशक उघडला की स्तवनांची रांग लागते. गणेश, शारदा, सद्गुरू, संत. पाचव्या समासापर्यंत सगळं रूढीला धरून चाललेलं असतं. सहाव्या समासाचं नाव मात्र ‘श्रोतेस्तवन’ आहे आणि कवींचं स्तवन त्यानंतर, सातव्यात येतं. २० दशकांचा, २०० समासांचा ग्रंथ रचणाऱ्या कवीने ऐकणाऱ्याला कवीच्या आधी नमस्कार केला आहे. संवाद आणि साहित्य शिकायला आलेल्या मुलांसाठी हा क्रम मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. या विषयात शिरायला याहून चांगलं दार मला सापडलेलं नाही. त्याच दारातून तुमचंही स्वागत.

या अभ्यासाला आपण ‘श्रोताविचार’ म्हणू. श्रोता म्हटलं की त्यात वाचक आला, प्रेक्षक आला आणि हातातल्या मोबाइलवर एखादं भाषण ऐकत लोकलमध्ये उभा असलेला प्रवासीही आला. मी बोलतो ते कोणासाठी, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं का, एवढाच प्रश्न आहे. मराठीने तो फार लवकर विचारला. १२९० साली नेवाशाला ज्ञानदेव गीतेचा अर्थ सांगत होते ते समोर बसलेल्या माणसांना. नवव्या अध्यायाच्या तोंडाशी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्या बदल्यात सुखाचं आश्वासन देतात. ते बोलून होतं न होतं तोच सांगतात की ही प्रौढी समजू नका, लेकराने आईबापांकडे धरलेला हा लाडिक हट्ट आहे. अवधान हा शब्द मला ‘लक्ष’ या शब्दापेक्षा मोठा वाटतो. लक्ष वेधून घेता येतं, अवधान मागावं लागतं.

त्याच काळातली महानुभाव पंथातली आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. केशोबास संस्कृत जाणणारे पंडित. ते संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं, त्या वंचित राहिल्या असत्या. भाषेच्या थोरवीबद्दल आचार्य एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक म्हाताऱ्या आहेत आणि ग्रंथाची भाषा त्या म्हाताऱ्यांवरून ठरते. मराठी गद्याच्या इतिहासात इतका नेमका श्रोताविचार मला दुसरा दिसत नाही.

श्रोता डोळ्यांपुढे नसला की काय होतं, ते मी एका पत्रकाच्या निमित्ताने शिकलो. ऊसतोड मजुरांच्या तळावर वाटायला आरोग्याचं एक पत्रक मी लिहून दिलं होतं. अक्षर मोठं, वाक्यं आखूड, शब्द सोपे. त्यात एक ओळ होती: गोळ्या पाच दिवस, रोज तीन वेळा, जेवणानंतर घ्याव्यात. सहाव्या दिवशी तळावरच्या एका बाईने मला पाकीट दाखवलं. पंधरापैकी दहा गोळ्या तशाच होत्या. तिने पत्रकातली ओळ काटेकोर पाळली होती. पहाटे अंधारात फडात जायचं, दुपारी उसाच्या कडेला बसून भाकरी खायची. या खाण्याला ती ‘जेवण’ म्हणतच नव्हती. जेवण एकदाच, रात्री, कोपीपुढे चूल पेटल्यावर. मला शब्द ठाऊक होता, तिचा दिवस ठाऊक नव्हता. सोपं लिहिणं आणि त्या माणसासाठी लिहिणं यांत केवढं अंतर आहे, हे त्या दहा गोळ्यांनी मला दाखवलं.

मग पोचलं की नाही, हे ओळखायचं कसं? भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त यासाठी सिद्धींचा एक अख्खा अध्याय आहे. प्रेक्षकांचं स्मित, मोठ्याने हसणं, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावर उठलेला काटा, जागेवरून उठणं, वस्त्रं देणं, अंगठ्या फेकणं. प्रयोग रंगल्याच्या अशा खुणा तिथे मोजून दिल्या आहेत. वाचताना मला तमाशाच्या फडातली दौलतजादा आठवते, उडणारे फेटे आठवतात, संगीत नाटकांतले ‘वन्स मोअर’ आठवतात. भरत मात्र तेवढ्यावर थांबत नाही. ही सगळी मानुषी सिद्धी. तिच्या वर दैवी सिद्धी आहे, आणि तिचं लक्षण असं की प्रेक्षागार भरलेलं असावं, पण आवाज नसावा, गडबड नसावी. भरल्या सभागृहातली ती शांतता ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला टाळ्यांचं फारसं कौतुक राहत नाही.

काश्मीरचे अभिनवगुप्त सुमारे हजार वर्षांपूर्वी उलट बाजूने विचार करतात. ऐकणारा रमत का नाही? त्यांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं पहिलं, समोरचं घडू शकेल असं न वाटणं. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते तिसरं विघ्न: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. माणूस थेट शेतावरून, कचेरीतून, आजारी आईच्या उशाशी बसून आलेला असतो. तो त्यातून बाहेर यावा म्हणून गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप हवा, असं ते सांगतात. कीर्तनाच्या आरंभीचा नामघोष आणि टाळ-मृदंग, तमाशातला गण आणि गवळण नेमकं हेच काम करतात. आख्यान नंतर. आधी माणसाला त्याच्या दिवसातून हलकेच उठवून आणायचं असतं.

पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथाचं दुसरं पुस्तक बरंचसं श्रोत्यांच्या भावनांना आणि तरुण, वृद्ध, प्रौढ यांच्या स्वभावांना दिलं. १९६७ साली जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी वाङ्मयाचा इतिहास वाचकाच्या बाजूने लिहावा, अशी मांडणी केली. प्रत्येक वाचक अपेक्षांचं एक क्षितिज घेऊन पुस्तकाकडे येतो, ही कल्पना आपल्याला जागोजागी उपयोगी पडेल.

एक धोका इथेच सांगायला हवा. श्रोत्याला ओळखणं म्हणजे त्याला आवडेल तेच देणं, असा समज आज बळावला आहे. किती जणांनी पाहिलं हा आकडा हाताशी असतो आणि त्यालाच श्रोता मानलं जातं. आपल्याकडचे मोठे संवादक याच्या अगदी उलट वागले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली धोंडीबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिली, कारण वाचकाच्या मनातली शंका पानावरच उभी करायची होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. त्यात ऐकायला गोड असं काही नव्हतं. गाडगेबाबा वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न विचारत आणि सभेकडूनच उत्तरं वदवून घेत. कर्ज काढून सण करावा का, दगडापुढे बोकड कापावा का? ‘नाही’ हा शब्द बाबांच्या नव्हे, तर हजारो लोकांच्या तोंडून बाहेर पडे. ज्याला सुनावायचं त्याच्यावर इतका विश्वास टाकणं मला थोर वाटतं. पुढच्या प्रकरणांत तंत्राची चर्चा पुष्कळ आहे; ती या विश्वासाच्या आधारानेच वाचावी, अशी माझी विनंती आहे.

आणि ती प्रकरणं उघडण्याआधी एक करा. जवळपासच्या एखाद्या कीर्तनाला, ग्रामसभेला किंवा व्याख्यानाला जा आणि शेवटच्या रांगेत बसा. तासभर बोलणाऱ्याकडे न पाहता ऐकणाऱ्यांकडे पाहा. कोण कधी पुढे सरकलं, कोणी घड्याळ पाहिलं, कोण डोळे पुसत होतं, कोण उठून गेलं आणि तेव्हा काय बोलणं चाललं होतं, ते वहीत टिपा. ती वही सोबत घेऊनच पहिल्या प्रकरणाकडे या.