हलकी स्की, टिकाऊ स्की

फ्रीस्टाइल स्की घेताना हलकेपणा पाहायचा की टिकाऊपणा, ही ओढाताण फ्रीस्टाइलपेक्षा बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागात सोंद्रे नूरहाइम मध्यभागी अरुंद केलेल्या स्कीवर उड्या मारत असे, तेव्हा स्की म्हणजे एकाच लाकडाची फळी होती. पाइन हलके, पण लवकर झिजणारे. अ‍ॅश त्याहून चिवट. अमेरिकेतून येऊ लागलेले हिकरी सर्वांत कणखर, पण जड. फळी एकसंध असल्याने टिकाऊपणा हवा असेल तर सगळे वजन पत्करावे लागे.

ही अडचण दोन सुधारणांनी सैल केली. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर यांनी 1926 मध्ये पोलादी कडांचे पेटंट घेतले. लाकूड जिथे सर्वाधिक झिजे, तेवढ्याच रेषेवर धातू आला. 1930 च्या दशकात लाकडाच्या पट्ट्या चिकटवून स्की बनू लागल्या आणि तळाला हिकरी, आत हलके लाकूड अशी रचना शक्य झाली. स्कीच्या इतिहासातला खरा वळणबिंदू हाच मानला पाहिजे. एकूण वजन किती, यापेक्षा ते कुठे ठेवायचे, हा प्रश्न इथून सुरू होतो.

त्याचे उत्तर शोधताना सर्वांत जास्त स्की मोडल्या त्या हॉवर्ड हेड यांनी. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या या अमेरिकन अभियंत्याला लाकडी स्की बोजड वाटल्या आणि 1947 मध्ये त्यांनी विमानबांधणीतले तंत्र स्कीला लावले: वरखाली अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मध्ये हलका गाभा. पहिल्या सहा जोड्या व्हर्मांटमधील स्टो येथे प्रशिक्षकांच्या हाती दिल्या, सगळ्या मोडल्या. पुढची दोन-तीन वर्षे नवी स्की बनवायची, डोंगरावर पाठवायची आणि मोडून परत आलेली तपासायची, हाच क्रम चालला. गाभा प्लायवुडचा झाला, पोलादी कडा आल्या, तळाला प्लास्टिक बसले. 1950 च्या सुमारास स्की विक्रीयोग्य झाली, तोवर मूळच्या हलकेपणाचा बराचसा भाग गेला होता. पण ती सहज वळत होती आणि तुटत नव्हती. हेड यांनी केलेला हा सौदा योग्यच होता.

यानंतर फायबरग्लास आले. ऑस्ट्रियाच्या क्नाइसल कंपनीने 1960 मध्ये ‘व्हाइट स्टार’ बाजारात आणली. वॉशिंग्टन राज्यातील व्हॅशन बेटावर बिल कर्शनर यांनी के-टू सुरू केली. धातूपेक्षा हलके आणि लवचीक असलेले हे द्रव्य नव्या खेळाच्या पथ्यावर पडले. 1952 चे ऑलिंपिक विजेते स्टाइन एरिक्सन स्कीवर कोलांट्या घेऊन दाखवत. 1971 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वॉटरव्हिल व्हॅलीत कसरतींची मोठी स्पर्धा भरली आणि 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइलला मान्यता दिली. उंचवट्यांवरची मोगल, हवेतल्या कोलांट्यांची एरियल्स आणि संगीतावरची बॅले हे तिचे प्रकार. या तिन्हींत स्कीची गाठ बर्फाशीच होती, त्यामुळे चपळाई देणारी हलकी स्की बिनघोर निवडता येई.

1990 च्या दशकाच्या अखेरीस हे गणित बदलले. स्नोबोर्डिंगने उभारलेल्या, उड्यांचे उंचवटे आणि रेल असलेल्या टेरेन पार्कमध्ये कॅनडाचे तरुण स्कीवाले शिरले. त्यांना उलटे उतरता येईल अशी, मागचे टोकही वर वळलेली स्की हवी होती. सालोमनने 1998 मध्ये ‘टेन-एटी’ आणून ती दिली. न्यूयॉर्क राज्यात जेसन लेव्हिन्थल यांची लाइन कंपनीही त्याच दिशेने चालली होती. लवकरच हे खेळाडू लोखंडी रेलवर आडवे घसरू लागले. आजवर स्कीच्या कडेला बर्फ कापायचे होते. आता तिला धातूचा घाव सोसायचा होता.

हा घाव नेमका पावलाखाली बसतो. कडक पोलादाच्या कडेला तडा जातो, पुढच्या धडकेत ती उपटून निघते, फटीतून पाणी लाकडी गाभ्यात मुरते आणि थर सुटू लागतात. म्हणून पार्कच्या स्कीला जाड कडा आणि जाड तळ आले. तळही बहुधा वितळवून दाबलेल्या साध्या प्लास्टिकचा असतो. महागड्या तळाइतका तो वेगवान नसतो, पण खरचटला तर घरीही भरून काढता येतो. बाजूला उभ्या प्लास्टिक पट्ट्या असलेली बांधणी टवका उडाला तरी चिकटवता येते. वरचे कवच कडेपर्यंत उतरवलेली बांधणी हलकी असते, पण दुरुस्तीला अवघड.

गाभ्यातही तीच निवड आहे. पॉलोनियाचे लाकूड फार हलके, पण मऊ, पॉप्लर मधले, मेपल आणि अ‍ॅश जड व घट्ट. बांबूचाही गाभा वापरतात. इथे भौतिकशास्त्राचा एक नियम मदतीला येतो. गिरकीला होणारा विरोध वस्तुमान आणि अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांवर ठरतो. पावलापासून 80 सेंटिमीटरवर ठेवलेले ग्रॅमभर वजन 20 सेंटिमीटरवरच्या तेवढ्याच वजनाच्या सोळापट विरोध करते. म्हणून टोकांना पॉलोनिया, पावलाखाली मेपल किंवा अ‍ॅश, असा मिश्र गाभा अर्थपूर्ण ठरतो. तराजूवर दोन स्की सारख्या भरल्या तरी हवेत त्या सारख्या फिरत नाहीत, हे दुकानातल्या वजनाच्या आकड्यावरून कळत नाही.

2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये हाफपाइप आणि रेल व उड्यांचा स्लोपस्टाइल हे स्की प्रकार आले, आणि गरजा आणखी फाटल्या. हाफपाइपच्या सुमारे 6.7 मीटर उंच, टणक भिंतीवर पकड हवी, म्हणून तिथे धारदार कडा आणि हलकी टोके उपयोगी. रेलवर तीच धार अडकते, म्हणून तिथले खेळाडू पावलाखालची कडा मुद्दाम बोथट करतात. शहरातल्या जिन्यांच्या कठड्यांवर घसरणाऱ्यांना तर खाली काँक्रीटही भेटते. त्यांच्यासाठी टिकाऊपणा प्रथम. प्रायोजकांकडून नवी जोडी मिळणारा स्पर्धक हलकी स्की मोडेपर्यंत वापरू शकतो. स्वतःच्या खर्चाने एकाच जोडीवर हिवाळा काढणाऱ्याने मात्र जाड कडा, उभ्या बाजूपट्ट्या आणि पावलाखालचे घट्ट लाकूड आधी पाहावे, आणि वजन वाचवायचेच असेल तर ते टोकांत वाचवावे.