झोळी एकट्या लेकराची नव्हे

लेकराला झोळी आणि मोठ्या माणसाला बाज किंवा गादी, ही वाटणी नांदेड-लातूरकडे इतकी पक्की आहे की तिच्याबद्दल कुणी वाद घालत नाही. बांधावरच्या बाभळीला, ऊसतोडीच्या फडात उभ्या गाडीला, किनवट-मुखेडकडच्या तांड्यावर घराच्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि आत लेकरू झोपलेलं असतं. पण धडधाकट माणसानं घरात झोळी टांगून त्यात रोज रात्री झोपायचं म्हटलं की सगळं घर एका सुरात बोलू लागतं. ‘पाठ मोडंल. भिंत येईल अंगावर. मोठ्या माणसाला झोळीत घालतात का कधी?’ हे मत मला मान्य नाही. ही वाटणी उलटी आहे असं मी म्हणतो. काळजी करायची ती झोळीतल्या तान्ह्या जिवाची, आणि मुभा द्यायची ती मोठ्या माणसाला.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो मूर्खपणाचा नाही. झोळीत शरीर कमानीसारखं वाकतं आणि कण्याला सपाट, कडक आधार हवा असतो, हा पहिला आक्षेप. दुसरा घराचा: आपल्याकडच्या भिंती आणि छतं रोज माणसाचं वजन टांगायला बांधलेली नाहीत, त्यात हा किल्लारीच्या भूकंपाचा मुलूख. तिसरा कुणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यांत खोल आहे. रस्ता नसलेल्या गावातून, तांड्यावरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून दवाखान्यात नेलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या माणसाची झोळी म्हटलं की तेच येतं. या तिसऱ्या आक्षेपाला तर्कानं उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. ज्याचं मन घेत नाही त्यानं बाजेवर झोपावं. पहिल्या दोघांशी मात्र बोलता येतं.

पाठीचं घेऊ. ‘कडक तेवढं चांगलं’ ही समजूत दुखऱ्या पाठीच्या बाबतीतच तपासली गेली आहे. स्पेनमध्ये कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम. तीन महिन्यांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. यातून झोळी चांगली असं सिद्ध होत नाही, तो प्रयोग गादीचाच होता. पण फळीवर झोपल्याशिवाय पाठ बरी होत नाही, हे जे गृहीत धरून झोळी मोडीत काढली जाते, ते गृहीत तिथं टिकत नाही.

आणि आपली बाज तरी काय असते? चार पायांच्या चौकटीवर सुतळीचं किंवा काथ्याचं विणकाम. ती सैल पडली की कंबर खाली जाते आणि सकाळी माणूस कण्हत उठतो. मग कुणीतरी पायथ्याची दोरी ओढून तिला पुन्हा ताण देतो. म्हणून कुणी बाज टाकून द्या म्हणत नाही, ती ताणायला सांगतात. झोळीला मात्र ही सवलत मिळत नाही. एकदा कुणीतरी चुकीच्या रीतीनं झोपतो, कंबर धरतो, आणि दोष झोळीच्या माथी बसतो.

चुकीची रीत कोणती, ते सांगतो, कारण सगळा वाद इथंच सुटतो. नवखा माणूस दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत झोपतो. मग डोकं आणि पाय वर जातात, कंबर खाली, गुडघे मागच्या बाजूला ताणले जातात आणि खांदे कापडात आवळले जातात. असं झोपलं तर पाठ दुखणारच. मेक्सिकोच्या युकातान भागातली माया माणसं पिढ्यान्‌पिढ्या झोळीत झोपतात, तिथल्या घरांच्या भिंतींतच त्यासाठी कड्या बसवलेल्या असतात, आणि ती माणसं अशी झोपत नाहीत. ती तिरपी झोपतात. झोळीत बसायचं, पाय वर घ्यायचे, मग डोकं मधल्या रेषेपासून हातभर एका बाजूला आणि पाय तितकेच दुसऱ्या बाजूला सरकवायचे. कापड अंगाखाली पसरून ताणलं जातं, टाचा खाली येतात, पाठ जवळजवळ सपाट होते. कुशीवरही वळता येतं. फक्त पालथं झोपणाऱ्याला ही जागा नाही, हे मान्य करायला हवं.

त्यासाठी कापड मात्र लांबरुंद लागतं. नऊवारी लुगडं दुहेरी घातलं तर साडेचार वार, म्हणजे चार मीटरहून थोडी जास्त लांबी मिळते. टोकं बांधण्यात थोडी गेली तरी ती पुरते. रुंदी कमी पडते. तिरपं झोपायला दीड मीटर रुंदी असलेली बरी, म्हणून दोन पट्टे शिवून जोडावे लागतात. आणि विरलेलं लुगडं लेकराला चालतं, सत्तर किलोच्या माणसाला नाही. जाड खादी किंवा गादीच्या खोळीचं घट्ट कापड घ्यावं. खादीसाठी आपल्याला दूर जायला नको. ज्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, त्या मुलखात घट्ट विणीचं कापड ओळखणारी माणसं आहेत.

झोक्याबद्दलही दोन शब्द. जिनिव्हा विद्यापीठात हळूहळू हलणाऱ्या पलंगावर माणसं झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या गेल्या. 2011 मध्ये दुपारच्या डुलकीवर प्रयोग झाला, 2019 मध्ये 18 तरुण माणसांच्या पूर्ण रात्रीच्या झोपेवर. चार सेकंदांत एक हेलकावा या गतीनं हलणाऱ्या पलंगावर झोप लवकर लागली आणि गाढ झोपेचा वेळ वाढला. घरच्या झोळीचा हेलकावा थोड्या वेळात थांबतो, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा तिला लावता येणार नाही. पण झोका फक्त लेकरालाच झोपवतो, हे तरी यापुढे म्हणता येऊ नये.

आता घराचं. इथं सावकाश बोललं पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती बुडवून माणसं नुकती झोपलेली, आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी औसा, निलंगा, उमरगा भागातली गावं कोसळली. हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर कितीतरी महिने लोक घरात झोपायला तयार नव्हते. त्या पिढीतलं कुणी छताकडे बोट दाखवून ‘याला काही टांगू नका’ म्हणालं, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही.

पण त्या पहाटेनं नेमकं काय शिकवलं, ते नीट पाहायला हवं. जुनी घरं माळवदाची होती. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगड मातीत रचलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे लांब दगड बहुधा नाहीतच. वर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी त्यात भर पडत गेलेली. जमीन आडवी हलली तशा या भिंती फुगून ढासळल्या. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळयांचा खणांचा सांगाडा मात्र तसाच उभा राहिला. पाळणा, झोपाळा टांगला जायचा तो या तुळईलाच, भिंतीला नाही. जुन्या सुतारांना ठाऊक होतं की भिंत वरचा भार खाली नेते, पण आडव्या ओढीपुढे ती दुबळी असते. किल्लारीनं हेच फार मोठ्या किमतीला सांगितलं.

झोळीचा सगळा प्रश्न आडव्या ओढीचा आहे. सत्तर किलोचा माणूस झोळीत असेल आणि दोऱ्या आडव्या रेषेपासून तीस अंशांनी वर जात असतील, तर प्रत्येक दोरीत सत्तर किलोचा ताण येतो आणि प्रत्येक कडीला साठ किलोची आडवी ओढ बसते. हौसेनं झोळी घट्ट, सपाट बांधली आणि दोरी दहाच अंशांवर आली, तर तोच माणूस प्रत्येक दोरीत दोनशे किलोचा ताण आणतो. कडी उपटते ती इथं. वजन तेच असतं, कोन बदललेला असतो. म्हणून झोळी सैल आणि खोल टांगायची, आणि चार इंची विटेच्या आडभिंतीत खिळा-कडी कधीही ठोकायची नाही, गिलाव्यावर भरवसा ठेवायचा नाही. पंख्याचा हुकही नको, तो पंख्यापुरताच आहे. ओढ द्यायची ती सिमेंटच्या बीमला किंवा कॉलमला, आणि भूकंपानंतर बांधलेल्या किंवा भेगा गेलेल्या घरात इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही.

कॉलम बहुधा खोलीच्या कोपऱ्यात असतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या कोपऱ्यांत चौदा फुटांचं अंतर मिळतं. झोळीला बारा ते चौदा फूट हवेच असतात. कड्या जमिनीपासून साधारण साडेपाच फुटांवर घेतल्या की माणूस बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीच्या उंचीला येतो. म्हणजे पडायची भीती दीड फुटांची. नवीन घरकुलाचं बांधकाम चालू असेल तर कॉलम ओतण्याआधी गजाला वाकवलेली दोन हुकं बांधून घेणं हे गवंड्याचं थोड्या वेळाचं काम आहे. भाड्याच्या खोलीत लोखंडी स्टँड घ्यावा, त्यात ओढ चौकटीतच राहते.

ही खटपट कशासाठी, असं कुणी विचारेल. जागेसाठी, पहिलं उत्तर. भूकंपग्रस्तांना जमिनीच्या प्रमाणात 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. भूमिहीनाच्या वाट्याला 250 आली. आज ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 270 चौरस फुटांच्या आतच आहे. एवढ्या जागेत पलंग दिवसभर अडून बसतो. झोळी सकाळी एका टोकाकडून सोडली की खोली मोकळी होते. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांपायी एका खोलीत तिघं-चौघं राहणाऱ्या पोरांना या मोकळ्या जागेची किंमत मी समजावून सांगायला नको.

दुसरं उत्तर उन्हाचं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडत राहतो. कापसाची गादी पाठीची उष्णता धरून ठेवते. झोळीत पाठीखालूनही वारा खेळतो. मी उन्हाळाभर झोळीत झोपतो ते यासाठीच. हाच गुण डिसेंबरात उलटतो. खालून गारठा लागतो, मग कापडावर वाकळ अंथरावीच लागते. डासही खालून कापडातून चावतात, तेव्हा मच्छरदाणी तळापर्यंत वेढणारी हवी.

तिसरं उत्तर जिवाचं आहे. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. विंचवाचं दुखणं वेगळं. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपाय जगापुढे ठेवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्याचे. जमिनीपासून वर झोपणं हा या दोन्हींवरचा सोपा बचाव आहे. तो बाजेनंही साधतो, हे खरं. पण ज्या घरात एकच बाज आहे आणि ती म्हाताऱ्याची आहे, तिथं बाकीचे जमिनीवर झोपतात. त्यांच्यासाठी मी बोलतो आहे.

ज्यांना झोळी नको ते मोजकेच. रात्री तीनदा उठावं लागणारे वृद्ध, गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेले, फिटचा त्रास असलेले, दिवस भरत आलेली बाई.

आणि तान्हं लेकरू. इथं माझा वाद आपल्या माय-मावश्यांशी आहे, आणि तो मला जड जातो, कारण झोळी हलवत हलवत रान खुरपणारी बाई जे करते ते नाइलाजानं करते. मोठा माणूस झोळीत तिरपा होऊ शकतो, मान वळवू शकतो, श्वास कोंडला तर जागा होतो. दोन महिन्यांच्या लेकराला यातलं काही जमत नाही. कापडाच्या खोलीत त्याची हनुवटी छातीला टेकते आणि बारीक श्वासनलिका दबते. कापड नाकाशी येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 च्या सूचनांत तान्ह्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं झोपवायला सांगितलं आहे आणि दहा अंशांहून जास्त उतारही नाकारला आहे. थोडं मोठं झालेलं लेकरू मोकळ्या झोळीत मान घालून गिरक्या घेतं, आणि साडीच्या झोक्यात गळफास बसून लेकरं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतातच.

म्हणून रडणाऱ्याला गप्प करायला झोळी जरूर हलवावी, नजर त्याच्यावर असेल तोवर. डोळा लागला की त्याला उचलून सपाट गोधडीवर, पाठीवर निजवावं. आणि पोरं घरात असतील तर मोठ्यांची झोळीही दिवसा टांगलेली ठेवू नये.