नाचायला परगावी

भात कापून, मळून कणगीत पडलं की छत्तीसगडातल्या बस्तरच्या मुरिया आदिवासींच्या गावांतली पोरं एकेकाळी घर सोडायची. पौषातली कडाक्याची थंडी, अंगावर जेमतेम कपडे, हातात काठ्या. ना बाजार, ना मजुरी. जायचं कशाला, तर नाचायला. आज या गावात मुक्काम, उद्या पुढच्या, असं करत दिवसचे दिवस रानातून पायी. या फेरीला ‘पूस कोलांग’ म्हणत. चैत्रात मोहाची फुलं वेचून झाली की आणखी एक फेरी निघे, तिचं नाव ‘चैत दंडार’. दिवाळीच्या सुमारालाही अशीच फेरी असे.

या फेऱ्यांची सविस्तर हकीकत बाहेरच्या जगाला कळली ती व्हेरियर एल्विन यांच्यामुळे. ऑक्सफर्डला शिकलेले एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. तिथे त्यांची शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी गाठ पडली आणि १९३२ मध्ये दोघेही मैकल डोंगरातल्या करंजिया गावी राहायला गेले. ‘फोक साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हे १९४४ सालचं पुस्तक दोघांच्या नावावर आहे. एल्विन यांचा मुरियांवरचा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. वाचणाऱ्यांनी त्यातलं घोटुलचं म्हणजे तरुणांच्या सामायिक घराचं वर्णन चवीनं उचललं आणि त्यावर नको तितकी चर्चा केली. नाचाच्या फेऱ्यांची पानं मात्र मागे पडली. छत्तीसगड समजून घ्यायचं तर आधी तीच वाचायला हवीत.

कारण या फेऱ्या म्हणजे उनाडक्या नव्हत्या. निघण्याआधी देवाला विचारलं जाई, वाटेत वागण्याचे निर्बंध पाळावे लागत. परक्या गावात शिरलं की पाहुण्या चमूनं आधी नाचायचं. यजमान गावानं त्यांना जेवू घालायचं, तांदूळ द्यायचे, निजायला जागा द्यायची. आणि ज्या गावानं पाहुण्यांना असं वागवलं, त्या गावची पोरं कधी ना कधी परतफेडीला येणार हे ठरलेलं. नाचाची उसनवारी होती ती. कुठवर जायचं हे पायांच्या ताकदीपेक्षा कोणत्या गावाशी आपलं येणंजाणं आहे यावर ठरे.

पौष निवडण्यातही हिशेब होता. छत्तीसगड भाताचा प्रदेश. कार्तिक-मार्गशीर्षात कापणी-मळणी उरकते आणि पुढची नांगरट पावसावर अवलंबून असते. मधल्या दिवसांत हात मोकळे असतात, नदीनाल्यांना उतार असतो आणि यजमानाच्या घरात धान्य असतं. वीस-पंचवीस पाहुण्यांना भात वाढायचा तर कणगी भरलेलीच हवी. म्हणून मैदानी छत्तीसगडातही पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ येतो आणि पोरंटोरं दारोदार धान मागत फिरतात. याच दिवसांत दंडा नाचाचे चमूही हिंडतात. दंडा नाचात पुरुष गोल धरून एकमेकांच्या काठ्यांवर काठ्या मारतात. त्यातला एकजण मधूनच लांबलचक आरोळी ठोकतो, तिला ‘कुहकी’ म्हणतात. कुहकी पडली की चाल बदलते. ढोलकी थांबली तरी चालेल, पण कुहकी देणारा चुकला की सगळा गोल विस्कटतो.

रायपूरच्या वायव्येला, कवर्ध्याच्या डोंगरात बैगा राहतात. त्यांच्याकडे हा प्रकार अधिक मोकळा होता आणि काही ठिकाणी आजही आहे. दसऱ्यापासून एका गावचे लोक दुसऱ्या गावी नाचायला जातात आणि यजमान गावच्या बायका-मुली त्यांच्यासमोर रांग धरतात. पाहुणा आणि यजमान एकाच नाचात. रात्रभर मांदर वाजतो, पहाटेपर्यंत कोणाचा पाय कसा पडतो आणि कोण किती दमदार आहे हे सगळ्यांना कळून चुकतं. यातूनच पुढे लग्नं ठरतात. बिलमा नावाचा त्यांचा नाच तर त्यासाठीच ओळखला जातो.

मराठी मुलखाला हे परकं वाटायचं कारण नाही. किनवट, राजुरा, जिवती या भागांत आणि पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादेत राज गोंडांच्या दंडारी दिवाळीच्या आधी निघतात. मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर हरणाचं कातडं असे गुसाडी पुढे आणि त्यांच्यामागे काठ्यांचा ताल धरणारे तरुण. ज्या गावांशी सोयरीक होते त्या गावांना दंडारी जाते, मुक्काम करते, यजमानांचं खाते आणि नंतर त्यांना आपल्याकडे बोलावते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मारलवाई गावी राहून हे सगळं टिपून ठेवलं. त्याच मारलवाईचे कनक राजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

तरीही खुद्द रायपूर-बिलासपूरच्या रस्त्यांवर जो नाच परगावाहून चालत येतो, तो राऊतांचा. राऊत म्हणजे इथला गुराखी समाज. स्वतःला ते यदुवंशी म्हणवतात. वर्षभर दुसऱ्याची गुरं राखायची आणि कार्तिकी एकादशी आली की त्याच मालकांच्या दारात राजासारखं सजून जायचं. विदर्भातला गोवारी समाज पाडव्याला ढाली घेऊन निघतो, गायगोधन करतो. त्याचाच हा सख्खा भाऊ म्हणावा असा सोहळा. डोक्याला पागोटं आणि त्यावर मोरपिसांची कलगी. अंगात झगझगीत कपडे, त्यावर कवड्यांनी मढवलेली बंडी. पायांत घुंगरू, एका हातात तेंदूची लाठी, दुसऱ्या हातात ढाल. गाईच्या गळ्यात पळसाच्या मुळ्यांच्या दोरीची आणि मोरपिसाची ‘सुहई’ बांधली जाते. मग मालकाच्या अंगणात नाच.

हा नाच जवळून पाहिला तर त्याची बांधणी विलक्षण वाटते. चमू गोल फिरत असतो, वाद्यं कल्लोळ करत असतात. अचानक एकजण लाठी वर उचलतो. त्याक्षणी सगळं थांबतं. तो मोकळ्या आवाजात एक दोहा म्हणतो. कबीर-तुलसीचा असेल, मालकाला आशीर्वाद देणारा असेल, किंवा समोरच्या चमूला डिवचणारा असेल. शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच सगळे हाकारा करतात आणि डफडा, निशान, टिमकी, मोहरी एकदम तुटून पडतात. दोहा संपेपर्यंत घुंगराचाही आवाज नसतो, हे त्यातलं खरं सौंदर्य.

या वाद्यमेळाला गडवा बाजा म्हणतात आणि तो वाजवणारे राऊत नसतात. गांडा समाजाचे वादक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. म्हणजे नाचणारा एका समाजाचा, वाजवणारा दुसऱ्या, आणि अंगण तिसऱ्याच कोणाचं. बिलासपूरच्या शनिचरी बाजारात मोसमाआधी वादकांचे ताफे लांबलांबून येऊन बसतात. राऊतांचे पुढारी तिथे येतात, वाजवून दाखवायला सांगतात, भाव करतात आणि सुपारी देतात. बायकी वेषात नाचणारी ‘परी’ कोणत्या ताफ्यात चांगली आहे यावरही घासाघीस होते. नाचायला जाणाऱ्याचा प्रवास मोजताना वाजवायला येणाऱ्याचा प्रवास सहसा कोणी मोजत नाही. तो अनेकदा जास्त लांबचा असतो आणि त्याच्या बदल्यात मिळणारा मान मात्र कमी. राऊत नाचावर लिहिताना या वादकांना दोन ओळींत उरकण्याची पद्धत आता बंद व्हायला हवी.

वेगवेगळ्या गावांचे चमू एका बाजारात आमनेसामने आले की पूर्वी लाठ्या चालायच्या. जुनी भांडणं नाचाच्या आडून उकरून काढली जायची आणि दोहे तेवढ्यासाठीच धार लावून आणलेले असायचे. १९७८ साली डॉ. कालीचरण यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिलासपुरात राऊत नाच महोत्सव सुरू केला. हाणामारीची ईर्ष्या नाचातच खर्ची पडावी म्हणून स्पर्धा ठेवली, शील्ड ठेवली. आज आसपासच्या गावांतले चमू त्यासाठी येतात आणि लाल बहादूर शास्त्री शाळेच्या मैदानावर रात्र जागते. एखाद्या लोककलेचा महोत्सव झाला की ती मरते, असं सरसकट म्हटलं जातं. बिलासपूरचं उदाहरण त्याला छेद देणारं आहे, कारण इथे येणारा चमू आधी आपल्या गावच्या अंगणांत नाचून येतो आणि परतल्यावर पुन्हा तिथेच नाचतो. मैदान हा मधला एक मुक्काम.

बायकांची फेरी याहून साधी. दिवाळीच्या आधी खेड्यांतल्या मुली-बायका टोपलीत धान आणि त्यावर मातीचा पोपट ठेवून सुवा नाचायला निघतात. वाद्य कोणतंही नाही. टोपली मध्ये, भोवती कमरेत वाकून टाळ्यांचा ठेका. जवळच्या गावांतल्या टोळ्या रायपूरच्या बाजारपेठांपर्यंत येतात, दुकानांपुढे नाचतात. मिळालेले तांदूळ-पैसे गौरा-गौरीच्या लग्नाला लागतात.

सतनामी समाजाचा पंथी नाच मात्र याच मातीतून फार लांब गेला. दुर्गजवळच्या धनोऱ्याचे देवदास बंजारे यांनी त्याला मंचावर आणलं आणि पुढे परदेशी नेलं. रायपूरला १९२३ मध्ये जन्मलेल्या हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या १९७५ च्या नाटकात पंथी आहे. त्या नाटकानं १९८२ मध्ये एडिनबरोला पारितोषिक मिळवलं.

नाचासाठी लांब जाणं हे काही आदिवासींचं किंवा खेडवळांचं वैशिष्ट्य नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर हेरेंग नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९८२ पासून दर उन्हाळ्यात लिंडी हॉप नाचणाऱ्यांचा तळ पडतो. हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांचा. १९२६ ते १९५८ पर्यंत चाललेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये तो वाढला. तिथला नामांकित नर्तक फ्रँकी मॅनिंग म्हातारपणी हेरेंगला शिकवायला जाई. देशोदेशीचे लोक रजा काढून, पैसे साठवून तिथे येतात, अनोळखी माणसाचा हात धरून नाचतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मुरिया पोराला हे काहीच नवल वाटलं नसतं. फक्त तिथे जेवणाचे पैसे मोजावे लागतात हे ऐकून तो चकित झाला असता.

बस्तरच्या फेऱ्यांचं पुढे काय झालं? शाळा आल्या, मजुरीसाठी परराज्यात जाणं वाढलं, घोटुलकडे लाजेनं पाहायला शिकवलं गेलं. हे सगळं हळूहळू झालं. पण नक्षलवाद्यांचा जम बसल्यावर, आणि २००५ नंतर त्यांच्याविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात शेकडो गावं ओस पडल्यावर, रात्री एका गावातून दुसऱ्या गावी जाणंच जोखमीचं झालं. अनोळखी पाच-दहा तरुण हातात काठ्या घेऊन रानातून येताना दिसले तर त्यांना पाहुणे समजणारं गाव उरलं नाही. नाचाच्या फेरीला ढोलापेक्षाही आधी निर्धास्त वाट लागते. ती तुटली, हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात आलेलं नाही.

दुसरीकडे रायपूर नाचणाऱ्यांचं मोठं मुक्कामाचं ठिकाण झालं. सायन्स कॉलेजच्या मैदानावर २७ ते २९ डिसेंबर २०१९ या काळात पहिला राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला. उद्‌घाटनाला आलेल्या राहुल गांधींनी शिंगांचा मुकुट घालून, गळ्यात ढोल अडकवून नर्तकांबरोबर ताल धरला. २०२१ च्या महोत्सवाला नायजेरिया, उझबेकिस्तान, पॅलेस्टाईनचे चमू आले. २०२२ ला मोझांबिक, मंगोलिया, सर्बिया, रवांडा, इजिप्तचे. जगदलपूरहून रायपूर तीनशे किलोमीटर. तिथल्या कलावंताला मैदानावर मंगोलियाचा नर्तक भेटावा ही गोष्ट मोठीच आहे. बस्तरच्या दंडामी माडियांच्या मुकुटातली गव्याची शिंगं आता नव्यानं मिळत नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गव्याला संरक्षण आहे, त्यामुळे घराण्यातला जुना मुकुट जपून, गुंडाळून एवढ्या लांब आणायचा म्हणजे त्यामागे किती हौस आणि किती विश्वास असेल!

पण या मैदानात एक उणीव आहे, आणि ती सरकार कोणाचंही असलं तरी दुरुस्त करता येण्यासारखी आहे. इथे पाहुणा नाचतो आणि यजमान खुर्चीत बसतो. चमू येतो, ठरलेली मिनिटं नाचतो, मानधन-प्रवासखर्च घेतो आणि जातो. त्याची परतफेड करायला रायपूरचं कोणी बस्तरला, कवर्ध्याला, सरगुजाला नाचायला जात नाही. महोत्सवाची शेवटची रात्र मंचाशिवाय ठेवावी, मैदानात सगळ्या चमूंचे मांदर एकत्र वाजू द्यावेत आणि शहरवासीयांना रांगेत उभं राहू द्यावं. बैगांना हे शिकवायला लागणार नाही. शिकावं लागेल ते आपल्याला.

तोवर मराठी वाचकांसाठी एक सोपी वाट आहे. रायपूर आणि बिलासपूर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती, पुढे १९५६ पर्यंत त्यांची राजधानी नागपूरच होती. आता या गावांत फक्त एका दुपारचं अंतर आहे. कार्तिकी एकादशीनंतरच्या आठवड्यात राऊत नाच महोत्सवाची तारीख पाहून ठेवा. डिसेंबर २०२२ पासून धावणारी वंदे भारत दुपारी नागपूरहून निघते आणि साडेपाच तासांत बिलासपूरला पोचवते. मैदानावर तेव्हा चमू यायला लागलेले असतात.