बाग द्यायची म्हणजे काय द्यायचं? मगनवाडीचा धडा

नगरपरिषदेच्या बागा सेवाभावी संस्थांकडे सोपवाव्यात का, हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत या ना त्या रूपात पुढे येतो. माळ्यांची पदं रिकामी, उन्हाळ्यात पाण्याची ओढ, मोडलेले झोपाळे. मग सभेत कुणीतरी म्हणतं, ‘द्या ना एखाद्या संस्थेला!’ आपण वर्ध्यात बसून हा विचार करतो आहोत, तर इतिहासही वर्ध्याचाच बघू. एक लावलेली, राखलेली बाग संस्थेच्या हवाली करण्याचा मोठा प्रयोग या गावात नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. ती बाग म्हणजे मगनवाडी.

वर्धा हे तसं नवं गाव. १८६२ साली नागपूरपासून जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचं ठाणं आलं. कापसाच्या व्यापारावर इथल्या पेढ्या वाढल्या. शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज हे त्याच व्यापारातले. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली, हे आपल्याला माहीत आहे. त्यांची गावात संत्र्याची बाग होती, बागेत घर होतं.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढायचं ठरलं आणि डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याला जागा हवी होती. जमनालालजींनी घरासकट ती बाग दिली. गांधीजींचे सहकारी आणि पुतणे मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावावरून बागेची मगनवाडी झाली.

आता इथे थोडं थांबून बघू, की दिलं गेलं ते नेमकं काय? जमीन आणि घर, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे काम. या जागेत काय करायचं, हे जागा देण्याआधीच ठरलेलं होतं. आणि तिसरी, जी आपण नेहमी विसरतो, ती म्हणजे हिशेबाला जबाबदार माणूस. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू आणि मंत्री जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा मुळात लंडनमध्ये शिकलेले हिशेबनीस. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा जेवणाखाण्याचा खर्चसुद्धा या निधीतून निघणार नाही, असं त्यांनी बजावल्याची गोष्ट सांगतात. असा माणूस बागेच्या दाराशी बसवला, म्हणून दान टिकलं.

बागेचं पुढे काय झालं? तिथे तेलघाणी आली, हातकागद आला, मधमाश्या आल्या, ग्रामसेवकांचं विद्यालय सुरू झालं. गांधीजी स्वतः इथे राहिले आणि ३० एप्रिल १९३६ ला शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला गेले. ३० डिसेंबर १९३८ ला त्यांच्याच हस्ते मगन संग्रहालय उघडलं. संत्र्याची बाग कार्यशाळा झाली. यात कुणाचं काही हिरावलं गेलं का? नाही. बाग खाजगी होती. मालकाने समजून-उमजून दिली होती.

पुढचा भागही महत्त्वाचा आहे. १९४२ मध्ये जमनालालजी गेले. ग्रामोद्योग संघ पुढे सर्व सेवा संघात विलीन झाला. १९५५ मध्ये या परिसरात जमनालालजींच्या नावाने ग्रामोद्योगाची केंद्रीय संशोधन संस्था आली आणि २००८ पासून तिथे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. संग्रहालय आजही एक समिती चालवते. म्हणजे बघा, ज्या संस्थेला बाग दिली ती संस्था उरली नाही. हेतू मात्र बऱ्याच अंशी उरला. संस्था माणसांसारख्याच असतात; आज आहेत, उद्या नसतील. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा हेतू जास्त पक्का लिहून ठेवावा लागतो.

आता नगरपरिषदेकडे येऊ. इथे मगनवाडीचा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि आजच्या व्याख्यानाचा खरा मुद्दा हाच आहे. जमनालालजींनी स्वतःचं दिलं. नगरपरिषद जी बाग देते ती तिची स्वतःची नाही, गावाची आहे. धनवान माणसाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावं, असं गांधीजी सांगत. नगरपरिषदेला तसं समजण्याचीही गरज नाही, कारण ती मुळातच विश्वस्त आहे. विश्वस्त दुसऱ्याला राखण देऊ शकतो. हक्क कसा देणार?

कायद्यालाही हे कळतं. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्यावर शासनाच्या मंजुरीचं बंधन आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याचं ३६ वं कलम तर न्यासालाही मोकळं सोडत नाही. जमीन विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण कागदावर हस्तांतर न करताही बाग हातची जाऊ शकते. मुंबईत मैदानं संस्थांना सांभाळायला दिली, आणि काही जागी क्लब उभे राहून साध्या माणसाला दाराशीच अडवलं गेलं. जानेवारी २०१६ मधलं नवं धोरण लोकांच्या विरोधामुळे स्थगित करावं लागलं.

उलट बाजूही आहे. पुण्याची एम्प्रेस गार्डन अनेक दशकं एक बागकाम संस्था सांभाळते आणि तिथल्या पुष्पप्रदर्शनाला सगळं पुणं लोटतं. इंग्लंडात मिल्टन कीन्स या शहराने १९९२ मध्ये उद्यानं न्यासाकडे दिली, पण सोबत भाडं देणाऱ्या इमारतीही दिल्या, म्हणून तो न्यास आजही आपल्या पायावर उभा आहे. न्यूकॅसलने २०१९ मध्ये उद्यानं आणि नागरिकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे नव्या संस्थेकडे सोपवले. बागांनी स्वतःचा खर्च स्वतः कमवावा, ही अपेक्षा होती. ती फळली नाही आणि काही वर्षांतच कारभार पालिकेकडे परत आला.

तेव्हा आपल्या गावात असा ठराव आला तर त्याला आंधळा विरोधही नको आणि टाळ्याही नकोत. ठराव हातात घेऊन वाचा. पाण्याचे आणि माळ्याच्या पगाराचे पैसे कुठून येणार? दार कुणासाठी, किती वेळ उघडं राहणार? तिकीट लावायचा अधिकार कुणाला? हिशेब दरवर्षी गावासमोर कोण मांडणार? आणि संस्था मोडली तर बाग कुणाकडे परत येणार? मगनवाडीत यांतल्या बहुतेक प्रश्नांना उत्तर द्यायला एक कुमारप्पा होते. आपल्याकडे ते नसतील, म्हणून हे सगळं करारात लिहून घ्यावं लागेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.