कारागीर शिपाई मुरलीकांत पेटकर

आमचें काष्टी गांव दौंड-मनमाड लोहमार्गावरचें. बैलबाजाराकरितां तें पंचक्रोशीबाहेरहि ठाऊक आहे. पण आज बाजाराविषयीं बोलावयाचें नाहीं. आमच्या जिल्ह्याचें ठाणें जें नगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, तेथें रणगाडा-दळाचें शिक्षणकेंद्र आहे. त्यामुळें लष्करी मोटारी आणि पेन्शनीवर परतलेले जवान आम्हांस नवे नाहींत. यांपैकीं जो आघाडीवर लढला, त्याच्याभोंवतीं पोरें जमतात. जो पाना-पक्कड घेऊन इंजिनांशीं झुंजला, त्याला लढाईची गोष्ट कोणी विचारीत नाहीं. माझ्याहि हातून असाच एक दोष घडला आहे. तो आधींच सांगून टाकतों.

शाळेंत मी मुलांना सामान्यज्ञान शिकवीत असें. हेलसिंकी येथें १९५२ सालीं गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, हें मी अभिमानानें सांगें. पुढें २००८ सालच्या अभिनव बिंद्रा यांच्या यशानंतर, एकट्या भारतीयानें मिळविलेलें पहिलें सुवर्णपदक म्हणून तेंहि फळ्यावर लिहूं लागलों. ऑलिंपिकपुरतें तें खरेंच आहे. परंतु त्याच्या ३६ वर्षें आधीं, अपंग खेळाडूंच्या जागतिक सामन्यांत, एका मराठी शिपायानें सुवर्णपदक जिंकलें होतें. तें माझ्या फळ्यावर कधींच आलें नाहीं.

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचा, तारीख १ नोव्हेंबर १९४४. सैन्यांत ते ज्या दळांत गेले, तें विद्युत् व यांत्रिकी अभियंत्यांचें दळ. लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ई.एम.ई.' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत सैन्य घोड्यांवरून मोटारींवर आलें, आणि बिघडलेलें यंत्र दुरुस्त करणाऱ्या हातांवांचून लढाई चालत नाहीं हें दिसून आलें. त्यांतून १९४३ सालीं हें दळ उभें राहिलें. यांतील साध्या शिपायाला 'क्राफ्ट्समन', म्हणजे कारागीर, असें पद असतें. पेटकर असे कारागीर होते, आणि मुष्टियोद्धेहि होते. टोकियोस १९६४ सालीं झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामेळाव्यांत ते खेळले.

पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें. सियालकोट आघाडीचें नांव निघालें कीं पुणेकरांस पूना हॉर्सचे तारापोर आठवतात, आणि तें योग्यच आहे. त्याच आघाडीवर १९६५ च्या सप्टेंबरांत हा एकवीस वर्षांचाहि न झालेला कारागीर शत्रूच्या माऱ्यांत सांपडला. त्याला नऊ गोळ्या लागल्या, कमरेखालचें शरीर लुळें पडलें, कित्येक महिने शुद्ध नव्हती. एक गोळी तर पाठीच्या कण्यांतच राहून गेली. कारखान्यांतला शिपाई सुरक्षित असतो, या आपल्या समजुतीला या एका उदाहरणानें पुरेसें उत्तर मिळावें.

मुंबईंत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयांत त्यांच्यावर उपचार झाले. तेथें व्यायाम म्हणून त्यांना पाण्यांत उतरविलें गेलें. जमिनीवर ज्या पायांचा उपयोग नव्हता, त्यांचें ओझें पाण्यानें उचललें. खांदे आणि दंड तर मुष्टियोद्ध्याचे होतेच.

येथें थोडें विषयांतर करतों. अशा जखमी सैनिकांना खेळविण्याची कल्पना लुडविग गुटमन या जर्मनींतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरची. कण्याला इजा झालेला माणूस पूर्वीं फार दिवस जगत नसे. खाटेवर कुजणें एवढेंच त्याच्या नशिबीं असे. गुटमननीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें त्यांना उठवून बसविलें, आणि १९४८ सालीं लंडनचें ऑलिंपिक सुरू झालें त्याच दिवशीं १६ अपंग सैनिकांचा, त्यांत स्त्रियाहि होत्या, तिरंदाजीचा सामना भरविला. आजचे पॅरालिंपिक सामने त्यांतून निघाले. भारत त्यांत प्रथम उतरला तो १९६८ सालीं तेल अवीव येथें. पेटकर तेव्हां टेबल-टेनिस खेळले. परदेशच्या तिकिटाचा खर्च हा मोठाच प्रश्न होता. त्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचें साहाय्य त्यांना झालें.

मग १९७२ चा ऑगस्ट. ऑलिंपिक म्युनिकला होतें. पण तेथील खेळाडूंचीं घरें खेळ संपतांच रहिवाशांकडे जावयाचीं असल्यानें अपंगांचे सामने हायडेलबर्गला नेण्यांत आले. पन्नास मीटर मुक्त पोहण्याच्या आपल्या गटांत पेटकरांनीं ३७.३३ सेकंदांत अंतर काटलें. सुवर्णपदक मिळालें, आणि जागतिक विक्रमहि झाला. भाला फेंकणें आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत यांतहि ते अंतिम फेरीपर्यंत गेले.

त्या ऑगस्टांत आम्ही काय करीत होतों? आकाशाकडे पाहत होतों. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनीं नगर जिल्ह्यांत पाहिला, त्यांना अधिक सांगावयास नको. मी तेव्हां शाळकरी पोर होतों. आमच्या घरीं सुकडीची आणि खडी फोडण्याच्या कामाचीच बोलणीं चालत. जर्मनींतील पदकाची वार्ता आम्हांपर्यंत आली नाहीं याचा दोष त्या वर्षाला देतां येईल. पुढच्या चाळीस वर्षांना मात्र देतां येणार नाहीं.

घरीं परतल्यावर पेटकरांनीं पुण्यास टेल्कोच्या कारखान्यांत नोकरी धरली, संसार केला, मुलें वाढविलीं. वीरकथा लिहिणारे हा भाग गाळतात. मला मात्र पन्नास मीटरांपेक्षां हेंच अंतर लांब वाटतें. कण्यांत गोळी घेऊन रोज वेळेवर कामाला जाणें, पगार घरीं आणणें, आणि कोणी ओळखत नाहीं म्हणून न कुढणें, याला घड्याळ लावून मोजणारा कोणी नसतो. महाराष्ट्र सरकारनें १९७५ सालीं त्यांना शिवछत्रपति पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कारासाठीं केलेला अर्ज १९८२ सालीं नामंजूर झाला.

पद्मश्री आली ती २०१८ सालीं. त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला २०२४ सालीं, आणि तेव्हां कुठें घरोघर नांव पोहोंचलें. आम्हां मास्तरांना जें जमलें नाहीं तें सिनेमानें केलें, हें मुकाट्यानें कबूल केलेलें बरें. १७ जानेवारी २०२५ रोजीं, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, कुबड्यांच्या आधारानें ते राष्ट्रपतिभवनांत गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातीं आला. पदकानंतर ५२ वर्षें लोटलीं होतीं.

माझ्याकडे आतां फळा नाहीं. म्हणून ही दुरुस्ती मला नभोवाणीवरून करावी लागत आहे. माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांनीं १९५२ आणि २००८ यांच्यामध्यें एक ओळ वाढवून घ्यावी.